ज्यानं पाहिलं, त्यानं लिहायचं नाही

"पद्मजा, आहेस तिथेच थांब. इकडे येऊ नकोस."

अल्ताफदादा खुर्ची मागे ढकलून उभे राहिले होते. दोन्ही हात छातीशी घेतलेले, तापल्या तव्याला बोटं लागल्यावर घेतात तसे. मी दारात उभी, हातात उसाच्या रसाचे दोन पेले. एप्रिलचं ऊन इतकं होतं की कँटीनपासून खोलीपर्यंत येईस्तोवर त्यातला बर्फ विरघळून गेला होता.

"काय झालं? शॉक बसला का?"

"नाही." ते टेबलाला वळसा घालून भिंतीपाशी गेले आणि स्क्रीनकडे पाठ ठेवूनच त्यांनी प्लग उपसला. स्क्रीन काळा झाला. "मॅडमना बोलावून आण. आणि त्या येईपर्यंत या टेबलाला हात लावू नकोस."

मी पेले खिडकीत ठेवले आणि पळत सुटले.

तेव्हा मी सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात एम.टेक. करत होते. खोली स्थापत्य विभागाच्या मागे, पूर्वी सिमेंटचे ठोकळे तपासायची. तेरदाळे मॅडम पाण्याच्या अभ्यासक. नदी कुठल्या दिवशी कुठल्या गावात किती चढेल, याचा नकाशा आदल्या दिवशी हातात यावा, यासाठी त्यांची वीस वर्षं खटपट चाललेली. परदेशातल्या एका विद्यापीठानं त्यासाठी एक फार चांगला प्रोग्राम लिहून जगाला फुकट दिला होता. तो सगळ्या खोऱ्याचे दहा-दहा मीटरचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनात शेजारून किती पाणी आलं, ते मोजत राहतो. असे लाखो चौकोन एकाच वेळी मोजायचे, म्हणून त्याला साध्या कॉम्प्युटरऐवजी ग्राफिक कार्ड लागतं. हजारो छोटी गणितं एका दमात करणं, हेच त्या कार्डाचं काम.

अडचण एकच. तो प्रोग्राम एका बड्या कंपनीच्या कार्डावरच चालायचा. आणि कॉलेजच्या एका माजी विद्यार्थ्यानं आम्हाला भेट दिलेली चार कार्डं होती दुसऱ्याच कंपनीची. ताकदीला तोडीस तोड, पण भाषा वेगळी.

अल्ताफ शिकलगार हे मिरजेचे. वडील तंबोरे करायचे. दादा बंगळूरची नोकरी सोडून परत आले होते आणि चार वर्षं एकच काम करत होते. त्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरचं नाव 'दुभाष्या'. प्रोग्रामला वाटायचं, आपण बड्या कंपनीच्या कार्डाशीच बोलतोय. दुभाष्या मध्ये बसून ते बोलणं आमच्या कार्डाच्या भाषेत सांगायचा. सगळा कोड खुला, कुणीही घ्यावा, कुणीही सुधारावा. ब्राझीलमधली एक बाई आणि पोलंडचे एक निवृत्त गृहस्थ नेमानं मदत करायचे. वीसेक देशांतल्या छोट्या प्रयोगशाळा तो वापरत होत्या. हे सगळं आमच्या त्या सिमेंटच्या खोलीतून चालायचं, हे सांगूनही कॉलेजात कुणाला खरं वाटत नसे.

मॅडम आल्या. चष्मा कपाळावर, हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तसाच.

"काय रे अल्ताफ?"

"मॅडम, एक ईमेल आली. 'तुमचा राहिलेला तुकडा' असा विषय. मला वाटलं, मदत करणाऱ्यांपैकीच कुणी काही लिहून पाठवलंय. उघडली. त्यांचा आतला कोड आहे. त्या कंपनीचा. कुठून तरी बाहेर पडलेला. वर 'गोपनीय' लिहिलंय, ते मी खाली दोन पानं वाचल्यावर वर जाऊन पाहिलं."

"कुठला भाग?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. "तोच."

मॅडम खुर्चीत बसल्या.

'तोच' म्हणजे काय, हे आम्हा तिघांना पक्कं माहीत होतं. सगळा प्रोग्राम दुभाष्यातून चालत होता, फक्त एका जागी घोडं अडलं होतं. शेजारच्या चौकोनांतल्या पाण्याची बेरीज करायला तो कंपनीचं एक तयार फंक्शन, म्हणजे आधीच बांधून ठेवलेलं गणित, वापरायचा. ते आत काय करतं, हे कंपनीनं कुणाला सांगितलेलं नव्हतं. माहितीपत्रकात अर्धं पान, बस्स. आम्ही त्याच्या जागी आमचं लिहिलं होतं, पण पुराचा नकाशा सतरंजीसारखा पट्ट्यापट्ट्यांचा यायचा. नदीकाठच्या नांदवडी गावात शाळेत पाच फूट पाणी, शेजारच्या तालमीत कोरडं ठक्क, तालमीपलीकडे पुन्हा पाच फूट. असा नकाशा कुठल्या तोंडानं गावाला द्यायचा? दोन मे रोजी कलेक्टर कचेरीत चाचणी होती. नकाशा बरोबर आला तर त्याच पावसाळ्यापासून वापरात घेणार होते. नाहीतर आणखी एक वर्ष जुन्या कागदांवर.

"तुला बघताना कुणी बघितलंय?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"मी बघितलंय ना, मॅडम."

भिंतीवर दादांनीच पहिल्या दिवशी मार्करनं लिहिलेलं वाक्य होतं: ज्यानं पाहिलं, त्यानं लिहायचं नाही. कंपनीच्या कार्डाला बाहेरून काहीही विचारावं, उत्तरं टिपून घ्यावीत, त्यावरून आपलं लिहावं. त्यात गैर काही नाही. त्यासाठी लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्या मिरजेच्या एका दुकानदाराकडून आम्ही तसलं एक जुनं, आख्खं खोरं न पेलणारं कार्ड मागूनही आणलं होतं. पण आत डोकावलेल्या माणसानं त्या भागातलं एक अक्षरही लिहायचं नाही. कारण मग कुठलं त्याचं आणि कुठलं त्यांचं, हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही.

दादांनी माझ्या कॉम्प्युटरवरून प्रकल्पाच्या जाहीर नोंदवहीत लिहिलं. किती वाजता काय उघडलं, किती पानं पाहिली, ईमेल पुढे न वाचता दुभाष्याचा कारभार बघणाऱ्या संस्थेच्या वकिलांकडे कशी पाठवली. शेवटची ओळ: आजपासून मी दुभाष्याच्या कोडमध्ये काही लिहिणार नाही. जूनमध्ये परदेशात त्यांचं भाषण ठरलं होतं. तेही त्यांनी दोन ओळी लिहून रद्द केलं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील.

"उरलेलं पद्मजा लिहील," ते म्हणाले.

"मी? मला नाही जमायचं, दादा."

"जमेल का ते मला माहीत नाही. माझ्याकडून आता होणार नाही, एवढं माहीत आहे."

दोन मेला नऊ दिवस होते.

पहिले तीन दिवस मी नुसती भिंतीवर डोकं आपटत होते. जुन्या कार्डाला आकडे द्यायचे, उत्तरं वहीत उतरवायची. तेच आकडे आमच्या कार्डाला द्यायचे, पुन्हा उतरवायचे. दोन्हीकडची उत्तरं तंतोतंत तीच. मग नकाशा काढला की पुन्हा पट्टे. ब्राझीलच्या बाईंना विचारलं, पोलंडच्या आजोबांना विचारलं. त्यांनाही काही सुचेना.

फरक कुठे असावा, याचा अंदाज सगळ्यांनाच होता. कार्ड गणितं करतं ते पंगती बसवून. त्या कंपनीच्या कार्डात पंगत बत्तीसची, आमच्यात चौसष्टची. आख्खी पंगत एकदम वाढायची, एकदम उठायची. बत्तीसच्या हिशेबानं लिहिलेलं चौसष्टला वाढताना कुठेतरी गफलत होत होती. पण कुठे?

दादा खोलीत यायचे नाहीत. दाराबाहेर व्हरांड्यात त्यांनी बाकडं टाकलं होतं आणि दाराकडे पाठ करून बसायचे. माझी बाकीची सगळी कामं त्यांनी अंगावर घेतली. मागच्या महापुराच्या खुणा आम्ही गावोगाव फिरून मोजल्या होत्या, एकशे अठरा. घराघरांच्या भिंतींवर लोकांनी रंगवलेल्या रेघा. त्यांची उंची, जागा, फोटो दादा एकेक करून पुन्हा तपासत होते. दुपारी वीज गेली की जनरेटर सुरू करून यायचे. डबा माझ्यासाठीही आणायचे. मी विचारलेल्या एका गोष्टीचं मात्र उत्तर द्यायचे नाहीत.

चौथ्या दिवशी माझा तोल गेला. मी वही घेऊन व्हरांड्यात गेले.

"दादा, मी नुसतं बोलते. तुम्ही काही सांगू नका. बरोबर असेल तर फक्त मान हलवा."

ते उठून उभे राहिले आणि चालायला लागले.

"दादा!"

"मान हलवली तरी ते सांगणंच झालं."

"मग झालं तर! तुमचं सोवळं तुम्हाला लखलाभ. पावसाळ्यात नांदवडीत पाणी शिरलं आणि कुणी गेलं, तर त्याच्या घरच्यांना काय सांगणार? मला उत्तर माहीत होतं, पण आमचा नियम होता?"

व्हरांड्यात दोन विद्यार्थी थबकले. दादा परत आले. चेहरा लाल झाला होता, पण आवाज खालीच होता.

"पद्मजा, परवा केनियातून एक पत्र आलंय. तिथं एका दवाखान्यात दुभाष्या वापरतात. एक ओळ चोरीची निघाली, की उद्या कोर्टातून कागद येईल आणि सगळं बंद. त्यांचंही आणि आपलंही. मग कुठल्याच गावाला नकाशा नाही, ह्या वर्षी नाही आणि पुढच्याही नाही. मला काय, सांगून टाकायला आवडलं नसतं? चार वर्षं झोकून दिलीत मी ह्यात." ते थांबले. "डबा खाऊन घे. आज भरलं वांगं आहे."

मी डबा खाल्ला नाही. संध्याकाळी घरी गेले आणि उशीत तोंड खुपसून रडले. राग त्यांचा येत होता आणि त्याहून जास्त माझा. ते असते तर एव्हाना सुटलं असतं, असं कॉलेजात सगळे म्हणत होते, आणि मलाही तसंच वाटत होतं.

सहाव्या दिवशी सकाळी तेरदाळे मॅडम खोलीत आल्या. माझ्या वह्या चाळू लागल्या. त्यांना कार्डातलं काही कळत नसे आणि त्या ते लपवतही नसत.

"हे काय गं? हे आकडे?"

"चाचणीचे चौकोन, मॅडम. प्रत्येकात पाणी किती, ते."

"सगळ्यांतच पाणी?"

"हो. सोपं पडतं म्हणून सगळे भरलेले घेतलेत."

मॅडम हसल्या. "अगं, हे काय हौद आहे का? नदी आहे ती. नदीला काठ असतो. काठापलीकडं कोरडं असतं."

त्या सहज बोलल्या आणि तासाला निघून गेल्या. मी मात्र तशीच बसून राहिले. मग एक नवं पान काढलं. चौसष्ट चौकोन. एकच कोरडा ठेवला, सतरावा. जुन्या कार्डाला दिला. आमच्या कार्डाला दिला.

उत्तरं वेगळी आली.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी पानांमागून पानं भरली; पहिल्या दिवसापासूनची धरून साडेतीनशे झाली असतील. कोरडा चौकोन पहिला, शेवटचा, दोन कोरडे, निम्मे कोरडे. हळूहळू चित्र उघडत गेलं. कोरड्या चौकोनाला पाणी मोजायचं नसतं, म्हणून तो पंगतीतून उठतो. त्या कंपनीचं फंक्शन उठलेल्याचं ताट रिकामं धरून पुढे जायचं. आमच्याकडे पंगत दुप्पट लांब. पहिल्या निम्म्यातला एक उठला की दुसऱ्या निम्म्यातल्याचं वाढप त्याच्या ताटात पडत होतं आणि दुसरा निम्मा उपाशी राहत होता. नकाशातले कोरडे पट्टे म्हणजे हे उपाशी राहिलेले. सगळे चौकोन भरलेले असताना कुणी उठतच नव्हतं, म्हणून मला काही दिसत नव्हतं.

कारण कळलं, पण उपाय सोपा नव्हता. सगळ्याच पंगती बत्तीसच्या केल्या तर आमचं निम्मं कार्ड बसून राही आणि नकाशा यायला दुप्पट वेळ लागे. आठव्या दिवशी दुपारी मी ठरवलं: पंगत चौसष्टचीच बसवायची. वाढण्याआधी एकदा नजर फिरवायची. कुणी उठलेलं असेल तर तेवढीच पंगत मधोमध मोडायची. नदीच्या भर पात्रात तर कुणी उठतच नाही. मोडावं लागेल ते फक्त काठावर. सगळ्या खोऱ्यात काठ असा असतो किती?

लिहायला चार तास लागले. नकाशा काढला. नांदवडीवर पाणी सलग पसरलं, शाळेवर, तालमीवर, पलीकडच्या वस्तीवर. कुठे एक पट्टा नाही.

मी बाहेर पळाले. "दादा, झालं!"

दादा बाकड्यावरून उठले. क्षणभर मला वाटलं, आत येऊन बघतील. ते दारापर्यंत आले आणि उंबऱ्याशी थांबले.

"नकाशा छापून बाहेर आण," ते म्हणाले. "कोड नको."

मग त्या कागदावर वाकून आम्ही दोघांनी एकशे अठरा खुणा ताडून पाहिल्या. एकशे तेरा अर्ध्या फुटाच्या आत जुळल्या. उरलेल्या पाचांपैकी दोन खुणा घराला नवा रंग देताना वर सरकल्या होत्या, हे दादांनी फोटो पाहून आधीच लिहून ठेवलं होतं.

दोन मेच्या चाचणीला नांदवडीच्या पोलीस पाटील वत्सलाबाई आल्या होत्या. अधिकारी आकडे विचारत होते, तेवढ्यात त्यांनी मध्येच हात वर केला.

"आमच्या तालमीत किती दावतंय?"

"चार फूट आठ इंच," मी म्हणाले.

बाईंनी आपल्या खांद्याच्या जरा वर हात लावून पाहिला. "बरूबर हाय. हितवर आलतं. कोनाड्यातल्या मारुतीचं पाय बुडल्यालं." आणि अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "साहेब, घ्या ही पोरगी म्हणतीया ते."

त्या ऑगस्टात नदी चढली. पाणी गुरुवारी दुपारी मागच्या ओढ्यानं गावात शिरेल, असं नकाशा मंगळवारीच सांगत होता. रस्त्याच्या बाजूनं गाव कोरडं होतं, म्हणून लोक हलायला तयार नव्हते. वत्सलाबाईंनी नकाशाचा कागद हातात धरून दारोदार सांगितलं. बुधवारी संध्याकाळपर्यंत माणसं आणि सहाशे जनावरं माळावर गेली. गुरुवारी दीड वाजता ओढा फुगला. नांदवडीत एक वासरू दगावलं. माणूस एकही नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी ते पत्र आलं. बड्या कंपनीच्या वकिलांचं. भाषा सभ्य होती. आमचा गोपनीय कोड बाहेर पडला होता आणि तुमच्या दुभाष्यात नेमकं तेच फंक्शन आहे. हे कसं, ते कळवावं. उत्तर मिळेपर्यंत दुभाष्याचं वाटप थांबलं. त्याचा कारभार बघणाऱ्या परदेशातल्या संस्थेनं एक तटस्थ तज्ज्ञ नेमले, दोन्ही पक्षांना मान्य असलेले. चार महिने त्यांनी दोन्ही कोड शेजारी ठेवून वाचले.

पहिल्याच बैठकीत त्यांनी दादांची ती नोंद मागवली, एप्रिलमधली. मग माझ्या वह्या मागितल्या. मी साडेतीनशे पानं स्कॅन करून पाठवली, खाडाखोडीसकट. एका पानावर भरल्या वांग्याच्या तेलाचा डाग होता, कारण भांडणाच्या दुसऱ्या दिवशी मी तो डबा खाल्ला होता. तेही पान पाठवलं.

अहवाल एका सोमवारी आला. मॅडमनी तो खोलीत उभं राहून मोठ्यानं वाचला. दोन्ही फंक्शनांचं उत्तर एकच येतं. रीत मात्र कुठेच जुळत नाही. हा कोड पूर्णपणे स्वतंत्र आहे, आणि तो कसा सुचला, याचा दिवसागणिक पुरावा आहे. कंपनीनंही दोन ओळींचं पत्र पाठवून विषय मिटवला. दुभाष्या पुन्हा सुरू झाला. त्या आठवड्यात ब्राझीलच्या बाईंनी आम्हाला गळ्यात झेंडूची माळ घातलेल्या त्यांच्या मांजरीचा फोटो पाठवला.

मॅडम गेल्यावर दादा दारात आले.

"आता वाचू का?"

"म्हणजे? तुम्ही अजून वाचलंच नाहीत?"

"कसं वाचणार? वाचलं असतं आणि चुकून एखादी सूचना केली असती, तर?"

अडीच वर्षं. ज्या प्रकल्पात त्यांनी चार वर्षं घातली, त्याचा सगळ्यात अवघड भाग त्यांनी पाहिला नव्हता. मी फाइल उघडून दिली आणि बाजूला झाले. ते वाचायला बसले. मी खिडकीतून बाहेर पाहत राहिले.

शेवटच्या ओळीपर्यंत वाचून ते मागे वळले.

"एक सांगू? आता सांगता येतं. त्यांचं वाचलं, तेव्हा मला वाटलं होतं की हे असंच करायचं असतं, दुसरी रीतच नाही. नंतरही कितीदा मनात घोळवलं, तरी तेच यायचं. मी बसलो असतो तर त्यांचंच लिहिलं असतं, शब्द बदलून. आणि मला ते माझंच वाटलं असतं." त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे, काठावर पंगत मोडायचं. हे त्यांच्याकडे नाही. हे कुणाकडेच नाही."

मी त्यांच्यामागे येऊन स्क्रीनकडे पाहिलं.

"एक चूक आहे मात्र," ते म्हणाले.

"कुठे?"

"वर वाचणाऱ्यासाठी शेरा लिहिलायस त्यात. 'बाउंडरी'च्या स्पेलिंगमधला 'ए' खाल्लायस."

"मी करते दुरुस्त."

"थांब." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. संस्थेच्या वकिलांची ईमेल, छापून आणलेली. "शेरा म्हणजे कोड नव्हे. वाचल्यावर शेऱ्यात काही सुधारता येईल का, हे मी आधीच विचारून घेतलंय. लेखी."

आणि त्यांनी बाह्या वर केल्या, खुर्ची पुढे ओढली आणि ते अक्षर टाकलं.

आज दुभाष्यावर जगभरातल्या चारशे जणांची कामं नोंदलेली आहेत. त्या एका फंक्शनच्या इतिहासात मात्र दोनच नावं दिसतात. पहिलं माझं, दोनशे दहा ओळींपुढे. खाली अल्ताफ शिकलगार, एका अक्षरापुढे. नवे विद्यार्थी विचारतात, हे दुसरे कोण, यांनी एवढंच केलं का? मग मी त्यांना बसवते आणि सगळं सांगते.